गोंदजीच्या वंशजाचे पाय

ज्या माणसाला मुलगाच झाला नाही, त्याचा थेट वंशज गेल्या शिमग्याला मुंबईहून आमच्याकडे आला. पांढऱ्या गाडीतून आला, डोक्याला फेटा बांधून आला आणि सोबत फोटो काढायला दोन माणसं घेऊन आला. आता बोला. मी आयुष्यात पुष्कळ थापा ऐकल्या आहेत, त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच होत्या. पण एवढी मोठी थाप भर मांडवात, माईकवरून मारलेली मी पहिल्यांदाच पाहिली. थापेचीही काही इज्जत असते.

गोंदजी दाभेकर आमच्या खोऱ्यातला, शिवकाळातला माणूस. पोलादपूरच्या बाजारात शेंबडं पोरही त्याचं नाव सांगेल. कशेडीच्या पायथ्याची जुनी पायवाट त्याने मूठभर माणसांनिशी दिवसभर अडवून धरली, वरून धोंडे ढकलले, आणि दिवस मावळायला तिथेच पडला. माझा आजा सांगायचा की गोंदजीने ढकललेला एक धोंडा अजून खाली पोचायचा आहे. पावसाळ्यात कशेडीला दरड येऊन ट्रकांची रांग लागली की आम्ही दाभेवाडीचे लोक एकमेकांना म्हणतो, आला वाटतं. वीर स्टेशनला मी रिक्षा लावायचो तेव्हा ही गोष्ट सांगितली की मुंबईचे पाहुणे भाड्यावरून घासाघीस करायचं विसरून जायचे.

पुढची गोष्ट मात्र मी कधी रिक्षात सांगितली नाही. गोंदजीला एकच लेक होती. डोंगरापलीकडच्या माचीवर दिलेली. बाप पडल्याचं कळलं तशी ती घरातलं तेल गाडग्यात घेऊन डोंगर उतरून आली. भाऊबंद भिऊन रानात पांगले होते. बापाच्या अंगाला तिनेच तेल लावलं, तिनेच अग्नी दिला, आणि तो पडला त्या जागी दगड उभा केला. भाऊबंद परतले ते मान खाली घालून. तिच्यापुढे बोलणार काय? त्यांनी तिचे फुटलेले पाय धुतले, तिची ओटी भरली आणि कबूल केलं की या दगडाला पहिला हात लेकीचा. तिच्यानंतर तिच्या लेकीचा.

तेव्हापासून होळीच्या दुसऱ्या दिवशी हे असंच चालत आलंय. मानाची बाई सासरच्या घरचं तेल घेऊन येते. तिचा जन्म कुठल्या का गावचा असेना, त्या दिवशी ती दाभेवाडीची लेक. वाडीचा म्होरक्या खाली बसून तिचे पाय धुतो. वाडीतल्या बाया खणानारळाने तिची ओटी भरतात, हातात हिरवा चुडा भरतात, आणि मग ती दगडाला तेल लावते. पाय धुतले की ओटी चुकवायची नाही, आणि ओटी ज्याने नाकारली त्याचा मान संपला. मान पुढे द्यायचा झाला तर आई लेकीच्या ओंजळीत तेल ओतते आणि ते तेल लेक दगडाला लावते. कागद नाही, शिक्का नाही. इतक्या वर्षांत भांडणही नाही.

तेव्हा हा मान ठकूबाईचा. माचीवर राहते, माझ्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेली, म्हणून मला अजून एकेरीत हाक मारते. तिचे गुडघे पार गेलेत. त्या साली मान लेकीच्या ओंजळीत घालायचा असं तिने दिवाळीतच ठरवलं होतं. लेक म्हणजे सलोनी. बिरवाडीला भाड्याच्या खोलीत राहते आणि कंपनीत पॅकिंगला जाते.

आणि नेमकं त्याच साली महाडच्या मंडळींना गोंदजी आठवला. स्मारक समिती झाली. हमरस्त्यालगतच्या त्या दगडाभोवती चौथरा बांधला, चौथऱ्याभोवती लोखंडी कठडा, कठड्याला फाटक, फाटकाला कुलूप. शेजारी संगमरवरी पाटी, तिच्यावर सोनेरी अक्षरं. माघ संपता संपता वाडीत निमंत्रणपत्रिका आली. तिच्यात छापलं होतं की गोंदजींचे थेट वंशज, प्रसिद्ध बांधकाम व्यावसायिक हर्षद दाभेकर यांच्या हस्ते शिळेस तैलाभिषेक होईल आणि फाटकाची किल्ली कायमची त्यांच्या स्वाधीन करण्यात येईल.

कायमची. हा शब्द मी चष्मा पुसून दोनदा वाचला. मग सदरा बदलला आणि महाडची एसटी धरली.

समितीचे अध्यक्ष श्रीधर सर. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही. चहा सांगितला, खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला.

"सर," मी म्हटलं, "गोंदजीला मुलगा नव्हता."

"हो. पुस्तिकेत तसा उल्लेख केलाय आम्ही."

"मग हा वंशज कुठनं उगवला?"

"हर्षदराव गोंदजींच्या धाकट्या भावाच्या शाखेतले आहेत. वंश पुरुषाकडून मोजतात, सोमाजी. थेट शाखा खुंटली की भावाची शाखा पुढे येते."

"भाऊ त्या दिवशी लढाईत नव्हता. म्हशी शोधायला गेलेला."

सर हसले. "याला पुरावा काय?"

"म्हशी सापडल्या ना."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. माझं डोकं तापलेलं होतं, चहा कशाला हवा होता?

"सर, माझंही आडनाव दाभेकर. माझाही खापरपणजा त्याच म्हशीवाल्याचा. मला का नाही फेटा? वाडीतल्या साऱ्या घरांना का नाही? आम्ही गरीब म्हणून आमचा वंश पातळ झाला का?"

"तसं कोण म्हणतंय?"

"आणि गोंदजीची लेक जिवंत होती. तिला लेकी झाल्या, त्यांना लेकी झाल्या. त्यांच्यातलीच ठकूबाई, ती माचीवर नाचणी कांडत बसली आहे. तिच्यात गोंदजीचं रक्त आहे, हर्षदरावात म्हशीवाल्याचं. सरळ हिशेब आहे."

सरांनी चष्मा काढला. "भावना समजतात मला. पण लोकांना ते समजावणार कसं? दर पिढीला आडनाव बदलतं. ठकूबाईंचं आडनाव वेगळं, त्यांच्या आईचं वेगळं. पाटीवर काय कोरायचं? आणि ओटी, बांगड्या वगैरे तर बायकांचा घरगुती कार्यक्रम आहे. तो नंतर करा तुम्ही निवांत. मंत्री येतील न येतील, पण प्रमुख कार्यक्रमात ते बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही. साडेतीनशे वर्षं बरं दिसलं, आता दिसत नाही.

"सर, तुमच्या आजीच्या आईचं माहेर कुठलं?"

ते आठवायला लागले. मनापासून आठवायला लागले, हे मी कबूल करतो. पण नाही आठवलं.

"मग तुम्हीही गोंदजीचे असाल," मी म्हटलं. "एका लेकीच्या चार, चारींच्या सोळा, आणि त्यांची पोरंबाळं. आज या खोऱ्यात आंधळ्याने दगड मारला तरी गोंदजीच्याच कोणाला तरी लागेल. तुम्हाला लागेल, हॉटेलवाल्याला लागेल, एसटीच्या कंडक्टरला लागेल. फक्त आडनाव बघून मारलात तर नेमका चुकीच्या माणसाला लागेल."

सर म्हणाले, पत्रिका छापून झाल्या आहेत.

परत येताना एसटीत माझा जीव जळत होता. आपल्याला पणजोबाचं नाव पाठ असतं, त्याच्या बापाचंही असतं, आणि अंगावर वाढवलेल्या आजीच्या आईचं नाव विचारलं की आपण छपराकडे बघतो. अर्ध्याहून जास्त पूर्वज आपण असेच वाटेत सांडून आलो आणि वर म्हणतो, थेट वंश. कसला थेट? गळक्या घागरीचा?

हमरस्त्याला उतरलो, वाडी चढलो तो थेट पांडूच्या अंगणात. पांडू गावकीचा म्होरक्या, नात्याने माझा पुतण्या. पाय धुण्याचं काम त्याचं. तो कुडाच्या काठ्या बांधत बसला होता.

"पांडू, पत्रिका वाचलीस?"

"वाचली."

"मग?"

"मग काय, काका?"

"ठकूबाईचा मान चाललाय नि तू काठ्या बांधतोस?"

त्याने हातातला सुंभ खाली ठेवला. "हर्षदशेठ वाडीपर्यंत डांबरी रस्ता करून देणार हाय. मांडवात सर्वांसमोर बोलणार हाय तो. गेल्या पावसात सोमीच्या सासूला डोलीत घालून नेली, आठवतं? तुमी पण खांदा दिलेलात. अर्ध्या वाटेत तिची दातखीळ बसली. मी काय त्याला सांगू, रस्ता नको, आमाला दगडाला तेल लावायचं हाय?"

पांडूच्या जागी मी असतो तर मीही काठ्याच बांधत बसलो असतो. पण म्हणून राग कमी होतो असं थोडंच आहे? उलट वाढतो. रस्ता हा आमचा हक्क. तो भीक म्हणून पुढे करायचा आणि बदल्यात म्हातारीचा मान उचलायचा, याला कुठल्या पोथीत वंशजाचं लक्षण म्हटलंय?

ठकूबाईला सांगायला माचीवर कोणी जाईना, म्हणून मीच गेलो. ती अंगणात बसून कारळे पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं.

"मंग मी यायचं नाय का?"

"असं कोण म्हणतं?"

"तूच म्हणतोस की. कुलूप लावलं, किल्ली त्याला दिली. मी काय कठड्यातून हात घालून तेल लावू, माकडीनीसारखी?"

मी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"सोमा, माझं ऱ्हाऊ दे. मी पुष्कळ लावलं तेल. पण पुढल्या साली मला हा डोंगर उतरवंल असं वाटत नाय. यंदा पोरीच्या ओंजळीत पडलं नाय तर तुटलं. माझ्या आईनं तोडलं नाय, तिच्या आईनं तोडलं नाय. मी तोडणारी ठरते, त्या भाड्याच्या मुडद्यापायी."

"सलोनी येणार आहे?"

"सुट्टी नाय देत म्हणते. रातपाळी करून थेट येते म्हणाली." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "तू एवढ्या गप्पा मारतोस जन्मभर, तुला काय सुचत नाय होय?"

हा टोमणा मला डोंगर उतरेपर्यंत टोचत राहिला.

होळीच्या दिवशी दुपारी हर्षदराव स्वतः जागा बघायला आले. चाळिशीचा गोरागोमटा माणूस, वास छान येत होता. माझ्या पाया पडला. माझं नाव त्याला कोणीतरी जुना जाणकार म्हणून सांगितलं होतं. सांगणाऱ्याचं भलं होवो.

"काका, मला विधी एकदम ऑथेंटिक पाहिजे. जसा पहिल्यापासून चालत आला तसाच. नो शॉर्टकट. व्हिडिओ बनतोय ना, बाहेरदेशी पण लोक बघतील."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. माणूस खरंच आनंदात होता.

"जसा आहे तसाच हवा?"

"हंड्रेड परसेंट."

"सुरुवातीला वाडीचा म्होरक्या खाली बसतो आणि पाय धुतो."

"माझे?"

"ज्याचा मान त्याचे."

त्याने फोटोवाल्याला हाक मारली. "ऐकलं का? हा शॉट मेन आहे. क्लोजअप घे." मग माझ्याकडे वळून, "आणि नंतर?"

"नंतर वाडीतल्या बाया पुढे येतात. त्यांचं त्या सांगतील. पुरुषांनी ते बोलायचं नसतं. त्या जे देतील ते घ्यायचं, नाकारायचं नाही. नाकारलं तर मान गेला."

"नाकारायचा प्रश्नच नाही, काका."

मी खोटं एक अक्षर बोललो नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्याबाबतीत असं क्वचित घडतं.

तिथून मी पांडूच्या मागच्या दाराला गेलो. त्याची बायको तुळजाबाई चुलीशी पोळ्या लाटत होती. पत्रिका आल्यापासून ती नवऱ्याशी फक्त जेवायला या एवढंच बोलत होती, हे मला माहीत होतं.

"तुळजाबाय, उद्या ओटीचं सूप तयार असू दे."

"कशाला? ते नंतर निवांत करायचं म्हणं. महाडच्या सरांचा हुकूम."

"पाय धुतले की ओटी चुकवायची नाही, खरं की नाही?"

"खरं."

"मग पाय कोणाचे हे आपण कशाला बघायचं?"

तिने लाटणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा लाटायला लागली.

"कासाराला निरोप धाडते," ती म्हणाली, "बांगड्या मोठ्या मापाच्या आण म्हणून."

दुसऱ्या दिवशी मांडव भरून गेला. शिमग्याला आलेले चाकरमानी, पोलादपूरचे व्यापारी, महाडचे शिक्षक, सगळे. मंत्री आले नाहीत. पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर 'वंशज परिवार' अशा चिठ्ठ्या डकवल्या होत्या आणि त्यांच्यावर हर्षदरावांच्या ऑफिसातली माणसं बसली होती. ठकूबाई मांडवाच्या पार कडेला, जमिनीवर पाय पसरून बसली होती. तिच्याशेजारी सलोनी. रात्रभर उभी राहून थेट आलेली, पायात कंपनीचे जाड काळे बूट, डोळे लाल.

श्रीधर सरांनी इतिहास सांगितला. हर्षदरावांनी रस्ता जाहीर केला. टाळ्या पडल्या आणि मीही वाजवल्या, कारण रस्ता हवाच होता. मग हर्षदराव चौथऱ्यासमोरच्या खुर्चीत बसले. फाटक अजून बंद होतं. तेल लावायच्या वेळी ते स्वतः उघडणार, असा व्हिडिओवाल्याचा बेत होता, म्हणून किल्ली त्यांच्या खिशात.

पांडू घंगाळ घेऊन आला. माझ्याकडे न बघता खाली बसला. हर्षदरावांनी मोजे काढले, पाय पुढे केले. पांडूने दोन्ही पायांवर पाणी घातलं, पुसले, कुंकू लावलं. फोटोवाला जमिनीवर पालथा पडून ते टिपत होता.

तेवढ्यात बायांचा घोळका पुढे आला. सर्वांत पुढे तुळजाबाई, हातात सूप.

सर खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, ते नंतर..."

"सर, राहू द्या," हर्षदरावच म्हणाले. "ऑथेंटिक आहे ते."

"पदर धरा," तुळजाबाई म्हणाली.

"पदर?"

"उपरणं धरा मग. दोन्ही हातांनी."

त्यांनी उपरणं पसरून धरलं. तिने तांदूळ घातले, खण घातला, नारळ घातला, वर हळकुंड. हर्षदराव वाकून वाकून नमस्कार करत होते. प्रसाद समजत होते बिचारे. मांडवात मागच्या बाजूला बायकांनी तोंडाला पदर लावले. चाकरमान्यांचे फोन एकेक करून वर यायला लागले.

मग कासार पुढे झाला. "हात सैल सोडा शेठ. मोठ्याच आणल्यात."

"हे काय आहे?"

"चुडा," तुळजाबाई म्हणाली. "लेकीला रिकाम्या हातानं धाडतात का?"

"कोणाच्या लेकीला?"

"या दगडाशी ज्याचे पाय धुतले ती दाभेवाडीची लेक. पयल्यापासून असंच हाय. आज तू लेक आमची. चार घास खाशील नि उजेडाचा सासरी जाशील. लेकीनं माहेरी कायमची किल्ली मागायची नसते, बाळा."

आता मात्र मांडव फुटला. पुढच्या रांगेतली ऑफिसची माणसंसुद्धा हसली. हर्षदराव उभे राहिले. ओटीतला नारळ घरंगळून पांडूच्या पायाशी गेला, तांदूळ चौथऱ्यावर पसरले.

"काय तमाशा लावलाय? मी काय बाई आहे?"

हसू एकदम थांबलं. सांडलेल्या ओटीकडे सगळे बघत होते. कडेवरून ठकूबाईचा आवाज आला, चढा नाही, नेहमीचाच.

"बाई नायस तर मंग पाय कशाला पुढं केलेस रे?"

हर्षदरावांनी मोजे हातात घेतले, बूट पायात सरकवले, सरांना म्हणाले, "रस्ताबिस्ता विसरा आता," आणि गाडीकडे चालू लागले. किल्ली खिशातच. त्यांच्या मागोमाग पुढची रांग उठून गेली. धूळ खाली बसली तेव्हा खुर्च्यांवर चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या होत्या.

सगळे पांडूकडे बघत होते. तो अजून खालीच बसलेला. घंगाळात थोडं पाणी शिल्लक होतं, त्याच्यात बघत होता. त्या पाण्यात त्याला काय दिसत असेल ते मला माहीत होतं, रस्ता दिसत असेल, डोली दिसत असेल.

तुळजाबाईने सांडलेले तांदूळ वेचून सुपात घेतले, नारळ पुसून ठेवला. मग नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलली.

"बाहेर काढलेली ओटी परत घरात नेत नाय मी. कोणाची भरू, सांगा."

पांडू उठला. घंगाळ उचलून ठकूबाईपाशी गेला आणि तिच्यासमोर बसला.

"ठकूताय, पाय दे."

"पाणी बदललंस?"

"नाय."

"मंग बदल. त्याच्या पायाचं मला कशाला?"

तो गेला, पाणी टाकून नवं घेऊन आला. परत येऊन बसला तेव्हा तिने आपले पाय पदराखाली ओढून घेतले.

"माझे नको. हिचे धू."

सलोनीचं लक्षच नव्हतं, तिला डुलकी लागली होती. आईने कोपर मारलं. ती दचकून बुटांच्या नाड्या सोडायला वाकली, पण पांडूने तिचा हात बाजूला केला. नाड्यांना कंपनीतला कसला तरी चिकट रंग लागून घट्ट गाठ बसली होती. म्होरक्या नखांनी ती सोडवत बसला. वेळ लागला. कोणी घाई केली नाही. बूट निघाले तेव्हा तिची पावलं दिवसभर पाण्यात राहिल्यासारखी पांढरी पडलेली होती. पांडूने ती सावकाश धुतली.

ओटी भरली, चुडा भरला. कासाराच्या मोठ्या बांगड्या सलोनीच्या कोपरापर्यंत जायला लागल्या, म्हणून त्याला पेटी पुन्हा उघडावी लागली. आणि मग सगळे फाटकासमोर येऊन थांबले. कुलूप.

"महाडहून दुसरी किल्ली मागवू," सर म्हणाले. "तोपर्यंत कृपा करून कोणी हात लावू नये. समितीची मालमत्ता आहे."

पांडूने फाटकाला वरून खाली बघितलं. ठेकेदाराने दोन्ही झडपांच्या बिजागऱ्या नुसत्या खुंटीवर बसवल्या होत्या. त्याने एका बाजूला हात घातला, दुसऱ्या बाजूला दोन चाकरमानी आले, आणि कुलपासकट अख्खं फाटक वर उचलून आंब्याला टेकवून ठेवलं. मोडतोड काही नाही. सर पुढे झाले, थांबले, आणि मग त्यांनी फाटक घसरू नये म्हणून त्याच्या पायाशी एक धोंडा सरकवला. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

सलोनीने पर्समधून बाटली काढली. सासरच्या घरातलं तेल आणायचं असतं, आणि तिच्या घरी बिरवाडीच्या दुकानातलं पिशवीतलं सूर्यफूल तेल असतं. तेच आणलं होतं. गोंदजीला रिफाइंड पहिल्यांदाच मिळत होतं. ठकूबाई दोन बायकांच्या खांद्यांवर हात ठेवून चौथरा चढली, तिने लेकीच्या ओंजळीत तेल ओतलं. ओतताना अर्धं सलोनीच्या साडीवर गेलं. उरलेलं दगडाला लागलं. झालं. पुढे गेला मान.

उतरताना सरांनी सलोनीला अडवलं. हातात पुस्तिका होती.

"दुरुस्ती करून घेतो म्हणतो मी. नाव सांगा तुमचं."

"सलोनी."

"पूर्ण सांगा. आडनाव?"

"आजीचं येगळं होतं, आईचं येगळं, माझं येगळं, माझ्या पोरीचं अजून येगळं असंल. कुठलं लिवताय, सर?"

सर पेन उघडं धरून उभे राहिले.

याला आता वर्ष होत आलं. दुरुस्तीची पुस्तिका निघालेली नाही. पाटी तशीच आहे, तिच्यावर सोनेरी अक्षरात 'थेट वंशज' हर्षद दाभेकर, आणि ती पाटी धुण्याचं काम पाऊस मोठ्या निष्ठेने करतो. रस्ता झाला नाही. गणपतीनंतर आणखी एकदा डोली निघाली. खांदा द्यायला मीही होतो. चढणीला पांडू मागे न बघता म्हणाला, "काका, तुमची मजा आमाला म्हाग पडली." मी खांदा बदलला. तेव्हापासून दर सोमवारी मी अर्ज घेऊन तालुक्याच्या कचेरीत जाऊन बसतो. आपल्या पूर्वजांनी घाट राखला, असं सांगणारे सगळे जण त्याच कचेरीत आहेत. रस्त्याचं विचारलं की म्हणतात, उद्या या.

हमरस्त्याने जाणाऱ्या गाड्या मात्र थांबतात. लोक पाटी वाचतात, फोटो काढतात आणि मला विचारतात, आजोबा, हे वंशज राहतात कुठे? मी त्यांना बिरवाडीचा पत्ता देतो.

परवा सलोनीचा फोन आला. भडकलेली होती.

"मामा, माणसं कशाला पाठवतोस रे? दुपारची झोपले असते नि लोक दार वाजवतात. एक जण म्हणला, तलवार दाखवा. घरमालक विचारतो, काय भानगड हाय."

"मग काय सांगितलंस?"

"सांगितलं, तलवार धुवायला टाकली हाय. ते सोड. होळीला सुट्टीचं विचारलं तर साहेब म्हणतो, कारण काय लिवू. तूच सांग, काय लिवू?"

"माहेरी कार्यक्रम आहे म्हणून लिही."

"तसं लिवलं की बिनपगारी धरतात."

"मग मी येतो तुझ्या साहेबाकडे. मी बोलतो."

"नको," ती घाईघाईने म्हणाली. "तू नको येऊस. मी रातपाळी घेते."